केळी पडल्याची बातमी

चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या एका गावात सिनेमाचं शूटिंग होतं. मे महिन्याचं खान्देशी ऊन. कथा 1995 सालची: शेतकऱ्याचं घर, संध्याकाळच्या बातम्या, वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्याची खबर. माझं काम प्लेबॅकचं. सीनमधल्या टीव्हीवर ठरलेल्या क्षणी ठरलेलं चित्र लावायचं आणि ते कॅमेऱ्यात नीट उतरेल हे बघायचं.

"पडदा हिरवा ठेवा, चित्र नंतर टाकू," असं प्रॉडक्शनचं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही. पिक्चर ट्यूबचा उजेड चेहऱ्यावर हलतो, नट खरोखर ऐकतो आणि थबकतो. ते नंतर कुठून आणणार?

टीव्ही त्या घरच्या आजींचाच, जपून ठेवलेला. अँटेनाच्या सॉकेटखेरीज जोडायला काही नाही. म्हणून लॅपटॉपचं चित्र आधी कन्व्हर्टरमधून पाल सिग्नलमध्ये, म्हणजे जुन्या टीव्हीला कळणाऱ्या रूपात आणलं, मग त्याला अँटेनातून येणाऱ्या चॅनेलचं रूप देणाऱ्या आरएफ मॉड्युलेटरमधून सॉकेटात सोडलं. चॅनेल फिरवता फिरवता मुंग्यांतून आमची निवेदिका उमटली आणि खिडकीतली पोरं ओरडली.

टेस्टला कॅमेऱ्याच्या मॉनिटरवर आडवा पट्टा सरकू लागला. कॅमेरा सेकंदाला 24 फ्रेमवर, शटर 180 अंश (360 म्हणजे पूर्ण वेळ उघडं), म्हणजे एक फ्रेम 1/48 सेकंद उघडी. टीव्ही मात्र सेकंदाला 50 वेळा वरून खाली रेघा ओढतो. त्या जराशा फरकात काही रेघा दोनदा उजळतात, तोच पट्टा. शटर 172.8 अंशांवर आणलं, बरोबर 1/50 सेकंद झाले, पट्टा गेला.

तरी चित्र धडधडतच होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टीव्हीवर काळं कापड टाकलं. मागची भिंत तशीच उजळत-मंदावत राहिली! दोष ट्यूबलाइटचा होता. गावात लाईट नव्हती, घर भाड्याच्या छोट्या जनरेटरवर, त्यावरच कूलरही चालू. मीटर 47 हर्ट्झ दाखवत होतं. जुन्या चोकची ट्यूब वीज जशी येईल तशी लुकलुकते, शटरशी तिचा मेळ बसत नव्हता. कूलर बंद केला, मिस्त्रीने इंजिनाचा वेग वाढवून काटा 50 वर आणला. भिंत स्थिर झाली.

टेक सुरू झाला. सीनमधल्या बापाने तांब्या खाली ठेवला, मी बातमी सोडली. नटाचे डोळे पडद्यावर खिळले. कट.

मागे उंबऱ्यात आजी उभ्या होत्या. "काय व्हयनं रे भाऊ? आम्हना मळा बी तठेच शे."

बातमी खरी वाटावी म्हणून त्यात आसपासच्या गावांची नावं मीच घालायला लावली होती. घरातल्या माणसांना आधी सांगावं, हे मला सुचलंच नव्हतं. मी त्यांना लॅपटॉपजवळ बसवलं, तीच बातमी थांबवून, मागे नेऊन दाखवली. त्यांनी मान हलवली, पण हात थरथरतच होता. दिग्दर्शकाला लगेच दुसरा टेक हवा होता. मी म्हटलं, आधी फोन. मळ्यावरच्या मुलाने तिसऱ्यांदा उचलला. पानही हलत नाही म्हणाला, बाग उभी आहे.

दुसऱ्या टेकला आजी आत आल्या नाहीत. ओसरीवर, मळ्याकडे तोंड करून बसून राहिल्या.