ओट्याची उंची

रविवार, रात्र

रविवारी रात्री आमचे जेवणाचे डबे बंद असतात. इंदूरच्या भंवरकुआं भागातली कोचिंगची मुलं त्या दिवशी बाहेर जेवतात, बायका दुपारीच घरी जातात आणि स्वयंपाकघर धुऊन कोरडं होतं. महिन्यातल्या शेवटच्या रविवारी मी तिथेच ओट्याजवळ खुर्ची टाकून ही वही काढते. जमाखर्चाची वही वेगळी, ती रोज लिहिली जाते. या वहीत फक्त माणसं. स्वतःला विचारायचं ते एवढंच, की माझ्यामुळे कोणाला काय सोसावं लागलं आणि मी कोणाचं काय देणं लागते.

अधूनमधून मागची पानं वाचते. या सवयीची किंमत मला या महिन्यात कळली. पोळ्या लाटणाऱ्या मावशींबद्दल मार्चच्या पानावर होतं: ‘खरगोनच्या मावशींचा खांदा दुखतोय. बाम दिला.’ एप्रिलमध्ये: ‘मावशींचा खांदा. डॉक्टरांकडे पाठवलं, पैसे मी दिले.’ मे महिन्यात: ‘मावशी दोन दिवस रजेवर. पोळ्यांना उशीर.’ तिन्ही नोंदी माझ्याच हातच्या. प्रत्येक वेळी आपण माणुसकीने वागलो असं वाटून मी पान उलटलं होतं. एकाखाली एक वाचल्यावर पोटात खड्डा पडला. खांदा का दुखतो, हे एकदाही विचारलेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मावशींच्या शेजारी पोळ्या लाटायला उभी राहिले. 240 डबे, डब्यात चार पोळ्या, म्हणजे 960 पोळ्या आणि लाटणाऱ्या चौघी. पन्नासेक पोळ्या झाल्यावर सहज त्यांच्याकडे पाहिलं. माझे कोपर पोळपाटाच्या वर होते. त्यांचे मात्र बाजूला पसरून उचललेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. लाटण्यावर भार द्यायला त्या प्रत्येक पोळीला टाचा उचलत होत्या.

काम आटोपल्यावर शिवणाची टेप आणली. ओटा 36 इंच, त्यावर पोळपाट अडीच इंचांचा. मावशी जेमतेम चार फूट दहा इंच. लाटायला जोर लागतो, त्यामुळे हाताखालची जागा कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली हवी. त्यांच्या बाबतीत ती कोपराच्याही दोन इंच वर होती. ओटा बांधताना गवंड्याने मला भिंतीशी उभं करून पेन्सिलीने खूण केली होती. मी पाच फूट सात इंच. त्या ओट्यावर रोज लाटणार कोण, हे तेव्हा मनातही आलं नाही.

‘मावशी, इतने साल बोले क्यों नहीं?’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आपका किचन है दीदी, आपने सोच के ही बनवाया होगा.’

ते वाक्य आठवडाभर डोक्यातून गेलेलं नाही. आपल्याकडे कोणी तक्रार करत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी धरून चालले होते. त्या बिचाऱ्या मी विचार केला असेल असं धरून चालल्या होत्या.

सुताराकडून सहा इंच उंचीचे दोन रुंद पाट करून घेतले. आधी एकच लांब पाट सांगणार होते, पण मावशींच्या शेजारची बाई चांगली उंच आहे, तिला वाकावं लागलं असतं. बुधवारपासून मावशी पाटावर उभ्या राहतात. खांदा लगेच बरा होणार नाही, पण टाचा आता जमिनीला, म्हणजे पाटाला, टेकलेल्या असतात. अठराशे रुपये लागले. ओटा बांधून सहा वर्षं झाली.

डब्याच्या मुलांचं फारसं काही नाही. दोघे तापाने पडले होते, त्यांना आठवडाभर मऊ खिचडी गेली.

आता देण्याचं. इंदूरमध्ये राहून हे पुढे ढकलणं बरं नाही. इथली हुकुमचंद मिल ही कापडगिरणी 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या 224 कोटींचा निकाल लागायला 2023 चा डिसेंबर उजाडला. मधल्या बत्तीस वर्षांत कितीतरी जण वाट बघत गेले. माझ्याकडे अकरा माणसं आहेत, आणि दहा किंवा जास्त माणसं असली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे द्यायची रक्कम, लागू होते. मावशींना नऊ वर्षं झाली. मूळ पगार 13,000, त्याला 26 ने भागून 15 दिवसांचे 7,500, नऊ वर्षांचे 67,500. आजवर हा आकडा कुठल्याच वहीत नव्हता. अकरा जणांचा हिशेब आज मांडला, उद्या बँकेत वेगळं खातं उघडायचं. आणि प्रत्येकीला तिचा आकडा तिच्या हातात लिहून द्यायचा, नाहीतर तो फक्त मलाच माहीत असणार.

भाजी चिरणाऱ्या दोघी जमिनीवर विळी घेऊन बसतात. त्यांनीही कधी काही म्हटलेलं नाही. उद्या सकाळी त्यांच्या शेजारी बसून दहा किलो भोपळा चिरायचा आहे.