कायद्यातले नातेवाईक आणि सोलापूरचे

बँकेतून निवृत्त झाले आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कंपनीच्या मालकांचा फोन आला. "मॅडम, बोर्डावर या. सहीपुरतंच काम आहे." कंपनी शेअर बाजारात नाही, पण पब्लिक लिमिटेड, आणि कर्ज ५० कोटींच्या वर. अशा कंपनीला २०१३च्या कायद्यानुसार किमान दोन स्वतंत्र संचालक, म्हणजे मालकांशी नातं किंवा हितसंबंध नसलेले संचालक, लागतातच.

डिजिटल सही, डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक), संमतीपत्र हे सगळं कंपनीच्या सेक्रेटरीनेच उरकलं. मग मानेसरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्सच्या स्वतंत्र संचालकांच्या डेटाबँकेत नोंदणी आणि ऑनलाइन परीक्षा. ५० टक्के पुरतात, कितीही वेळा देता येते. दहा वर्षं प्रॅक्टिस केलेल्या सीए-वकिलांना ती माफ आहे. जन्मभर ताळेबंद वाचलेल्या आम्हा बँकवाल्यांना नाही, असो. अभ्यासात सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा आलाच. डिसेंबर २००८मध्ये प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालकांच्या, घरच्याच मेटास कंपन्या विकत घ्यायला तिथल्या बोर्डाने होकार दिला होता, आणि त्या बोर्डावर नामांकित प्राध्यापक होते.

मी अडखळले ते स्वतंत्र असल्याच्या घोषणापत्रापाशी. प्रवर्तकांशी नातं नसावं, ही अट. कायद्याच्या यादीत नवरा-बायको, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य. वेगळा राहणारा चुलतभाऊ नाही, मेहुणा नाही, साडू नाही. सोलापुरात निम्मा व्यवहार याच मंडळींत चालतो! ही स्वतंत्र संचालकाची कल्पना रुजली इंग्लंड-अमेरिकेत. तिथे भागधारक विखुरलेले, त्यामुळे धाक हवा तो मॅनेजरवर. आपल्याकडे बहुमत मालकाच्याच हातात, आणि मला निवडून देणारेही तेच.

पहिल्याच ऑडिट कमिटीत सुताच्या खरेदीचा विषय आला. मोठा पुरवठादार मालकांचा साडू. मी विचारलं, तर ऑडिटर म्हणाले, "रिलेटेड पार्टीत बसत नाही." बरोबरच होतं त्यांचं, कायद्याच्या यादीत साडू नाहीच. मी म्हटलं, "नसू दे. बाजारभाव किती, उधारी किती दिवसांची, एवढं तरी बघू या." मालक हसले. "अहो मॅडम, घरातलाच माणूस आहे की!"

मसुदा इतिवृत्त आलं त्यात एकच ओळ : 'चर्चेअंती मंजूर.' माझा प्रश्न गायब. मसुद्यावर हरकत घ्यायला सात दिवस असतात. मी त्याच संध्याकाळी मेल केली आणि प्रश्न शब्दशः लिहून पाठवला. सेक्रेटरी पोरगा बिचारा फोनवर म्हणाला, "मॅडम, साहेबांना विचारून घालतो." मी म्हटलं, "विचार, पण घाल." तो घातला गेला.

पुढच्या बैठकीच्या कागदांना तीन कोटेशनं जोडलेली होती. साडूंचा दर ठीक निघाला, पण पैसे मात्र त्यांना आगाऊ जात होते आणि बाकीचे दोघे ४५ दिवसांची उधारी द्यायला तयार होते. आगाऊ रक्कम आता बंद झाली आहे. सूत अजून त्यांच्याकडूनच येतं.