अपक्ष उमेदवारी आणि पाडलेल्या क्वार्टरची थकबाकी

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मी पुण्याच्या पूर्व भागातील एका मतदारसंघातून अपक्ष म्हणून उभा राहिलो. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हा उद्योग कोणी सांगितला होता, असे बऱ्याच जणांनी विचारले आणि त्याची उत्तरे प्रचारात देऊन झाली आहेत. येथे लिहायचे आहे ते फक्त अर्ज भरण्याबद्दल, आणि त्यातही मुख्यतः एका दाखल्याबद्दल, कारण तो दाखला आठवला की आजही माझे डोके तापते.

बाकीचे टप्पे तसे सरळ होते. सेवेत असताना आपले नाव सेना मतदार म्हणून गावच्या यादीच्या शेवटच्या भागात असते. निवृत्तीनंतर नमुना ६ भरून ते राहत्या ठिकाणी सर्वसाधारण मतदार म्हणून नोंदवावे लागते, आणि ते मी पुण्यात स्थायिक झालो तेव्हाच केले होते. अनामत रक्कम दहा हजार रुपये. निवडणूक खर्चासाठी बँकेत स्वतंत्र खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असावे लागते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून त्याचे नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला मात्र दहा लागतात आणि ते दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. आमच्या सोसायटीत मला पाठिंबा देणारे पुष्कळ निघाले, परंतु यादी उघडून भाग क्रमांक आणि अनुक्रमांक शोधू लागल्यावर कोणाचे नाव साताऱ्याला, कोणाचे बार्शीला, तर कोणाचे शेजारच्याच मतदारसंघात सापडले. म्हणून सूचकाची सही घेण्यापूर्वी त्याचे नाव यादीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

छायाचित्राचे एक येथेच सांगून टाकतो. मतपत्रिकेवर छापायचे छायाचित्र दोन बाय अडीच सेंटिमीटरचे, गेल्या तीन महिन्यांतले आणि साध्या कपड्यांतले लागते; गणवेश चालत नाही, टोपी आणि काळा चष्माही टाळायचा असतो. माजी सैनिकाकडची सगळी बरी छायाचित्रे नेमकी गणवेशातली असतात. प्रचारपत्रकांवर जवानांची किंवा सैन्याच्या कार्यक्रमांची छायाचित्रे वापरू नयेत, हेही निवडणूक आयोगाने ९ मार्च २०१९ च्या पत्राने पुन्हा बजावलेले आहे. त्यामुळे स्टुडिओत जाऊन पांढऱ्या शर्टावर नवे छायाचित्र काढून घेतले. पत्नीच्या मते मी त्यात बँकेच्या वसुली अधिकाऱ्यासारखा दिसतो.

आता मुख्य गोष्ट. नामनिर्देशनपत्राबरोबर नमुना २६ मधील शपथपत्र द्यावे लागते. मालमत्ता, कर्जे, गुन्हे, शिक्षण, पाच वर्षांची विवरणपत्रांतली उत्पन्ने हे सर्व त्यात येते, आणि एकही रकाना कोरा ठेवून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावेच लागते. याच शपथपत्रात शासकीय थकबाकीच्या भागात एक प्रश्न आहे: निवडणुकीच्या अधिसूचनेपूर्वीच्या दहा वर्षांत तुम्ही शासनाने दिलेल्या निवासस्थानात राहत होता का? उत्तर ‘होय’ असेल तर त्या निवासस्थानाचा पत्ता द्यायचा आणि भाडे, वीज, पाणी व दूरध्वनी यांची थकबाकी नसल्याचे दाखले संबंधित यंत्रणांकडून आणून जोडायचे.

हा नियम कोठून आला ते मला नंतर एका वकिलांनी समजावले. शासकीय बंगले वापरून त्यांची बिले न भरणाऱ्या लोकप्रतिनिधींना चाप लावावा, असा त्यामागचा हेतू, आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या एका निकालातून तो पुढे आला. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्या माणसाने नोकरीची सारी वर्षे देशभरच्या छावण्यांत दोन खोल्यांच्या क्वार्टरांत काढली, तोही या रकान्यात मंत्र्यांच्या शेजारी येऊन बसतो, हे तो तयार करणाऱ्यांच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही. दहा वर्षांच्या त्या मुदतीत माझी दोन क्वार्टरे येत होती. एक खडकीचे, जेथून मी २०१८ मध्ये निवृत्त झालो, आणि दुसरे उत्तरेकडील एका छावणीतले, जे मी २०१६ मध्ये सोडले.

दोन्ही क्वार्टरे सोडताना घेतलेली ‘नो डिमांड’, म्हणजे काही येणे बाकी नसल्याची, प्रमाणपत्रे माझ्या फायलीत प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेली होती. क्वार्टरचा हिशेब पूर्ण झाल्याशिवाय सैन्यात निवृत्तीची क्लिअरन्स मिळत नाही, हे ज्यांनी नोकरी केली त्यांना ठाऊक आहे. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाल्यावर तीच पाकिटे घेऊन मी मदत कक्षात गेलो. तेथील तरुण लिपिकाने ती उलटसुलट पाहिली, शपथपत्राच्या मसुद्यातील एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाला, “काका, तारीख बघा.” ज्या महिन्यात अधिसूचना निघते त्याच्या आधीच्या तिसऱ्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी किंवा त्यानंतर थकबाकी नव्हती, असे लिहून द्यायचे असते. म्हणजे ३१ जुलै २०२४ किंवा पुढची तारीख हवी. २०१६ मध्ये सोडलेल्या क्वार्टरचे पाणीबिल २०२४ मध्ये थकलेले नाही, याचा पुरावा मी आणायचा होता.

खडकीचे काम लवकर झाले. ओळखीचा भाग, स्वतः जाऊन उभे राहता येते, आणि अर्ज मराठीत केला तरी कोणी नाक मुरडत नाही. उत्तरेकडच्या छावणीत मात्र फोन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. वाटप करणारे म्हणत की बिलाचे आम्हांला काय माहीत, आणि बिले काढणारे म्हणत की आधी वाटपाची नोंद पाठवा. शेवटी वसुलीच्या टेबलावरचे एक गृहस्थ खरे बोलले. मी राहत होतो ती रांग पाडून तेथे नव्या बहुमजली इमारती बांधल्या होत्या, जुने क्रमांक बंद झाले होते आणि त्यांची खातेवही दप्तरखान्यात गेली होती. “साहब, जो क्वार्टर है ही नहीं, उसका नो ड्यूज़ मैं कैसे दूँ?” असा त्यांचा प्रश्न होता. त्यावर मी विचारले की जे क्वार्टर नाही त्याची बाकी तरी कशी असेल, तेवढेच लिहून द्या. तसा नमुना त्यांच्याकडे नव्हता. दूरध्वनीचा प्रश्न आणखी गमतीचा होता, कारण त्या क्वार्टरमध्ये दूरध्वनी कधी नव्हताच, आणि नसलेल्या दूरध्वनीचे बिल थकलेले नाही हे कोणत्या खात्याने सांगायचे याचे उत्तर पुण्यातही कोणाजवळ नव्हते.

पक्षाच्या उमेदवाराला हे असले काही भोगावे लागत नाही असे नाही. पण त्याच्यामागे वकील असतो, कार्यालय असते आणि मागच्या निवडणुकीत हाच रकाना भरलेला कोणीतरी असतो. अपक्षाला हा रकाना खिडकीपाशी उभे राहिल्यावरच कळतो. (पुण्याला सैन्यदलातून आलेला अपक्ष उमेदवार नवा नाही. हवाई दलात वैमानिक असलेले सुरेश कलमाडी १९९८ मध्ये लोकसभेला अपक्ष उभे होते, परंतु त्यांच्यामागे भाजप-शिवसेना युतीचे बळ होते, आणि तरीही ते हरले.)

सुटका झाली ती जुन्या ओळखीमुळे, आणि हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. माझ्या कंपनीतला एक हवालदार, आता नायब सुभेदार, त्याच छावणीत होता. त्याने दप्तरखान्यातली खातेवही काढायला लावली, माझे नाव आणि सोडल्याची तारीख दाखवली आणि साध्या पत्राच्या स्वरूपात दाखला मिळवला. पत्रात भाडे, वीज आणि पाणी यांपोटी आजच्या तारखेस काही येणे नाही, निवासस्थानात दूरध्वनी जोडणी दिलेली नव्हती आणि ती इमारत आता अस्तित्वात नाही, अशी तिन्ही वाक्ये आली. टपालावर विसंबण्याइतका वेळ उरला नव्हता. दिवाळीच्या रजेवर निघालेल्या आमच्याच एका जवानाने ते पाकीट झेलम एक्सप्रेसने पुण्याला आणले. मी स्टेशनवर जाऊन ते ताब्यात घेतले आणि फलाटावरच्या दिव्याखाली पहिल्यांदा तारीख आणि मग शिक्का पाहिला. गोल शिक्क्याची शाई एका बाजूला फुटली होती, पण पदनाम वाचता येत होते.

२४ ऑक्टोबरला गुरुपुष्यामृत असल्याने त्या दिवशी निवडणूक कार्यालयांबाहेर हार, ढोल आणि घोषणांची गर्दी उसळली होती. मी अर्ज भरला तो वसुबारसेला, म्हणजे शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, आणि त्या दिवशी मुहूर्त पाहण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. दाखला स्वीकारताना त्याच लिपिकाने तो पुन्हा दोनदा वाचला आणि कागदपत्रांच्या तपासणी सूचीत त्यापुढे खूण केली. ती सूची सहीनिशी मागून घ्यावी, ती उमेदवाराला द्यावीच लागते. उमेदवाराची शपथही लगेच उरकून टाकावी. ती अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या दिवसापूर्वी घेतलेली असली पाहिजे, छाननीच्या सकाळी घेतलेली चालत नाही.

३० तारखेच्या छाननीत माझा अर्ज वैध ठरला. यादीत मान्यताप्राप्त पक्ष आधी, नोंदणीकृत पक्ष नंतर आणि अपक्ष शेवटी येत असल्यामुळे माझे नाव दुसऱ्या मतदान यंत्रावर गेले. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत, तेव्हा अनामत जप्त झाली. राज्यभरात दोनच अपक्ष निवडून आले, त्यांतले एक आमच्याच जिल्ह्यातील जुन्नरचे. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. पराभूत उमेदवार तो विसरतात आणि तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतात, म्हणून तेवढे अवश्य लक्षात ठेवावे.

निवडणुकीनंतर मी आयोगाला पत्र लिहून सुचवले की सैन्यातील क्वार्टरांच्या बाबतीत ती सोडतानाचे प्रमाणपत्र आणि निवृत्तीचे कागद ग्राह्य धरावेत. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. माझे शेवटचे क्वार्टर २०१८ मध्ये सुटले असल्याने २०२९ मध्ये मी पुन्हा उभा राहिलो तर या रकान्यात ‘नाही’ एवढेच लिहून पुढे जाता येईल. ज्यांची निवृत्ती अलीकडची आहे त्यांनी मात्र ऑक्टोबरात अधिसूचना अपेक्षित असेल तर १ ऑगस्टलाच प्रत्येक छावणीकडे अर्ज पाठवावेत, आणि दूरध्वनी नव्हता हेही त्याच पत्रात लिहून मागावे.