पितांबरी नाही हो, पेपर!

गाडीची चाकं चमकवायला काय लावते, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या जुन्या मारुती झेनची मॅगव्हीलं, म्हणजे ॲल्युमिनियमची चाकं, बघून पार्किंगमध्ये कुणी ना कुणी थांबतंच, आणि प्रश्न ठरलेला: "काकू, पितांबरी लावता का?" परवा तर वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी चिंचेचा कोळ सुचवला.

चिंच नि पितांबरी तांब्यापितळेला. तिथे आंबटाने काळा थर विरघळतो, खालचा धातू उघडा पडतो. ॲल्युमिनियमवरचा थर काढला तरी हवा लागताच पुन्हा धरतो, आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. चाक मळकट दिसतं ते ओरखड्यांमुळे, आणि वरच्या लॅकरखाली, म्हणजे पारदर्शक रंगाच्या थराखाली, ओल शिरून पांढऱ्या रेघा पसरतात त्यामुळे. म्हणजे आधी लॅकर उतरवायचं, मग ओरखडे इतके बारीक करत न्यायचे की दिसेनासेच होतात. चमक वरून लावायची वस्तूच नाही.

हे आधी कळलं असतं तर माझं एक चाक वाचलं असतं. लॅकर निघावं म्हणून मी मोरी तुंबल्यावर टाकतात तो कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून फासला. असा काही फेस आला की मी खूश! धुतलं तर चाक काळंठिक्कर आणि हाताला खरखरीत. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खातो. ते चाक आता स्टेपनी म्हणून डिकीत तोंड लपवून बसलंय.

आता रंगाच्या दुकानातला पेंट रिमूव्हर आणते. हातमोजे घालून, उघड्यावर लावायचा. लॅकरचे पापुद्रे सुटतात. टायर पंक्चरवाल्याकडूनच काढून घ्या. तिथे हौस नको.

खरं काम पुढे. फुटपाथला घासून कडेला पडलेले दाते 220 च्या वॉटर पेपरने, म्हणजे पाण्यात भिजवून घासायच्या पॉलिश पेपरने, सपाट करायचे. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. मग 400, 600, 800, 1000, 1500 आणि शेवटी 2000, सगळं पाण्यातच. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, आधी आडवं तर आता उभं. म्हणजे मागच्या पेपरचे ओरखडे उरलेत का ते लगेच कळतं. उरले असतील तर पुढे जायचं नाही. आणि प्रत्येक वेळी चाक धुवायचं, बादलीतलं पाणी फेकायचं. 400 चा एक कण 1500 च्या पेपराखाली आला की सकाळ वाया. एका चाकाला माझ्या दोन सकाळी जातात. लोक 600 वर कंटाळतात आणि मग पॉलिशला नावं ठेवतात.

शेवटी ऑटोसॉल, म्हणजे धातूचं पॉलिश, आणि ह्यांचा जुना बनियन. फडकं काळं होतं, घाबरू नका, तो ॲल्युमिनियमच निघतोय.

वर परत लॅकर मारायचं का? मी एकदा मारलं, तेही ऐन आषाढात. पुण्याच्या पावसाळी दमट हवेत ते वाळता वाळता दुधासारखं पांढरं झालं. शिवाय आरशासारख्या गुळगुळीत चाकावर लॅकर नीट धरत नाही. म्हणून मी चाकं उघडीच ठेवते, वॅक्स लावते आणि पावसाळा संपला की पुन्हा पॉलिश. तुम्हाला मारायचंच असेल तर कोरड्या दिवसांत मारा, आणि नट बसतात त्या जागा व चाकाची मागची बसकण, म्हणजे गाडीला टेकते ती बाजू, कोरी ठेवा. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दबतो आणि नट ढिले पडतात.

चाकाला तडा दिसला तर मात्र पेपर खाली ठेवा. कुणी वेल्डिंग करून देतो म्हणालं तरी ते चाक भंगारातच घाला.

आणि हे सगळं मॅगव्हीलचं. लोखंडी चाक असेल तर गंज खरवडा, प्रायमर मारा, सिल्व्हर रंग द्या, संपलं. कुठलं आहे कळत नसेल तर फ्रिजवरचा चुंबक आधी चाकाला लावून बघा; चिकटला तर लोखंडी.