त्वरणाच्या एककातले दोन सेकंद

थांब्यावरून सुटलेली एसटी ३० सेकंदांत ताशी ५४ किलोमीटरचा वेग घेते असं समजा. म्हणजे दर सेकंदाला तिचा वेग ताशी १.८ किलोमीटरने वाढतो. त्वरण सांगून झालं. 'ताशी १.८ किलोमीटर, दर सेकंदाला' हे अगदी वैध एकक आहे, आणि समजायला सर्वांत सोपं. यात वेळ दोनदा येते. तास आहे तो वेगाचा, आणि सेकंद आहे तो वेग किती वेळात बदलला याचा.

आता ताशी ५४ किमी म्हणजे सेकंदाला १५ मीटर. ३० ने भागलं की उत्तर येतं 'सेकंदाला ०.५ मीटर, दर सेकंदाला'. छेदात दोन्ही जागी सेकंदच आले, म्हणून लिहिताना से² करतात. त्या वर्गाचा अर्थ एवढाच. चौरस मीटर जमिनीवर आखून दाखवता येतो, तसा 'चौरस सेकंद' कुठे दाखवता येत नाही, आणि शोधायचीही गरज नाही. म्हणून शिकवताना पहिले काही दिवस 'मीटर प्रति सेकंद, प्रति सेकंद' असंच म्हणावं. 'सेकंद वर्ग' नंतर आपोआप जमतं. फक्त कागदावर मी/से/से असं लिहू नये. दोन तिरप्या रेघा आल्या की कशाला कशाने भागायचं हे संदिग्ध होतं, म्हणून कंसाशिवाय तसं लिहिणं एसआय पद्धतीत (एककांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत) चालत नाही.

सर्वांत जास्त चुका ५/१८ मुळे होतात. किमी/तास चं मी/से करायला ५/१८ ने गुणायचं, हे सगळ्यांच्या हाताला बसलेलं असतं. पण ५/१८ एकाच तासाचं सेकंदात रूपांतर करतो. आपल्या एसटीचं त्वरण किमी/तास² मध्ये ६४८० येतं (३० सेकंद म्हणजे १/१२० तास, म्हणून ५४ × १२०). त्याला ५/१८ ने गुणलं तर १८०० येतात, आणि इथेच अनेक जण थांबतात. हे १८०० म्हणजे 'मी/से, दर तासाला'. दुसरा तास अजून तसाच आहे. ३६०० ने भागा, ०.५ मिळेल. एकदम करायचं तर किमी/तास² ला १२९६० ने भागायचं.

दुसरी चूक थांबण्याच्या अंतरावरून त्वरण काढायचं v²/2s हे सूत्र (वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट) वापरताना होते. १५ मी/से वेगाने येणारी बस ४५ मीटरमध्ये थांबली, तर २२५ ÷ ९० = २.५ मी/से². घाईत वेग ५४ च ठेवला तर ३२.४ येतं. एककं प्रत्येक पायरीला लिहिली असती तर किमी², तास² आणि मीटर यांची खिचडी लगेच दिसली असती. शिवाय आकडाही ओरडून सांगतोच: कोरड्या चांगल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तरी मंदन ७-८ मी/से² च्या आसपास येतं, ३२ कुठून येणार?

ही तुलना करायला 'जी', म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाचं प्रमाण त्वरण, हे माप हाताशी असावं. १९०१ साली वजन-मापांच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्रमाण गुरुत्व त्वरण ९.८०६६५ मी/से² असं ठरवून दिलं. हा ठरवलेला आकडा आहे, तुमच्या गावातलं गुरुत्व नव्हे. विषुववृत्तावर ते सुमारे ९.७८० असतं, ध्रुवांवर ९.८३२, आणि मुंबईत ९.७९ च्या जवळ. सेन्सरच्या माहितीपत्रकात 'एमजी' दिसलं तर ते मिलिग्रॅम नसून जी चा हजारावा भाग असतो. मोबाइलवर प्रयोग करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: अँड्रॉइड त्वरण मी/से² मध्ये देतं, आयफोन जी मध्ये, आणि चिन्हही उलटं. पडदा वर करून टेबलावर ठेवलेला फोन उभ्या अक्षावर एकीकडे +९.८ दाखवेल, दुसरीकडे −१. दोन्ही बरोबरच आहेत.

भूकंपाच्या नोंदींत जी आणि गॅल दोन्ही भेटतात. गॅलिलिओच्या नावावरून आलेला १ गॅल म्हणजे १ सेंमी/से². ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा धरणातल्याच त्वरणमापकावर धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३ जी एवढं शिखर त्वरण नोंदलं गेलं. म्हणजे ६.१८ मी/से², किंवा ६१८ गॅल. पण याचा अर्थ जमिनीचा वेग सेकंदाला सहा मीटरने वाढला असा नाही. हलणाऱ्या जमिनीची दिशा सेकंदात अनेकदा उलटते, ६.१८ चं त्वरण ०.०५ सेकंद टिकलं तर वेगातला बदल जेमतेम ०.३ मी/से. आणि धरणाच्या आराखड्यात धरलेला भूकंप गुणांक ०.०५ होता, त्याला एककच नाही, कारण तो त्वरण भागिले जी आहे. तो संपूर्ण उंचीवर स्थिर बल धरून केलेल्या हिशेबातला आकडा. क्षणिक शिखराशी त्याची थेट तुलना करून 'बारापट' म्हणणं म्हणूनच चुकीचं ठरतं, जरी धरणाला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या हे खरं असलं तरी.

गॅलचा हजारावा भाग, मिलिगॅल, गुरुत्व सर्वेक्षणात लागतो. १ मिलिगॅल म्हणजे ०.००००१ मी/से². उपकरण एक मीटर वर नेलं की केवळ उंचीमुळे वाचन ०.३०८६ मिलिगॅलने घटतं. म्हणून ०.०१ मिलिगॅलपर्यंत अचूकता हवी असेल, तर प्रत्येक ठिकाणाची उंची सुमारे ३ सेंटिमीटरपर्यंत माहीत असावी लागते; साध्या मोबाइलच्या जीपीएसवर हे काम होत नाही, लेव्हलिंगच करावं लागतं किंवा त्या दर्जाचं जीपीएस उपकरण आणावं लागतं.