टोळांसाठी कामगंध सापळा का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी कीटकशास्त्र शिकवते असं कळलं, की विदर्भातल्या शेतकरी मेळाव्यांत एक प्रश्न हमखास येतो: ‘कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतो, मग टोळांसाठी तसा सापळा का नाही, मॅडम?’ २०२०च्या मे महिन्यात मध्य प्रदेशातून आलेली टोळधाड अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत उतरली होती. संत्र्याच्या बागांत डबे बडवत उभी राहिलेली माणसं हे विचारतात. त्यांना वरवरचं उत्तर देऊन चालणार नाही.

सापळ्यात कोणता वास ठेवायचा, हेच नक्की माहीत नव्हतं. बोंडअळीचं त्या मानानं सरळ आहे. मादी पतंग ठरलेला गंध सोडते आणि नर त्यामागे येतो. टोळाचं तसं नाही. एकांडा असतो तेव्हा तो दुसऱ्या टोळाला टाळतो आणि साध्या नाकतोड्यासारखा गवतात राहतो. दाटी झाली की तोच टोळ दुसऱ्यांकडे ओढला जातो. थव्यातल्या टोळांच्या अंगाला आणि विष्ठेला कितीतरी वास असतात. त्यांतला ‘या’ म्हणणारा कोणता?

याचं उत्तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं. बीजिंगच्या कांग ल यांच्या गटानं स्थलांतरी टोळात ४-व्हिनिलअ‍ॅनिसोल नावाचा रेणू शोधला. चार-पाच एकांडे टोळ एकत्र ठेवले, तरी तो तयार होऊ लागतो. नर, मादी, पिल्लं, प्रौढ सगळेच त्याकडे ओढले जातात.

पण ‘टोळ वासाकडे गेला’ एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. जनुकं लागतात ती इथे. टोळाच्या मिशांवर अतिसूक्ष्म केस असतात, त्यांत चेतापेशी, आणि त्या पेशींवर वास पकडणारी प्रथिनं. स्थलांतरी टोळात अशा प्रथिनांची १४०च्या आसपास जनुकं आहेत. यातलं कोणतंच प्रथिन एकटं काम करत नाही. जुवाला एक बैल कायम तोच, ऑर्को नावाचा. दुसरा मात्र वासागणिक वेगळा. २०१६मध्ये क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रानं ऑर्कोचं जनुक निकामी केलं, तेव्हा टोळांना थव्याच्या वासाची ओढच राहिली नाही. ४-व्हिनिलअ‍ॅनिसोलसाठीचा दुसरा बैल म्हणजे ओआर३५. तेवढं एकच जनुक बंद पाडल्यावर या रेणूची ओढ ओसरली. आपलं शोधणं योग्य दिशेनं चाललंय, हे मला तिथे पटलं.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते मात्र दुसऱ्याच एका वासानं. थव्यातले टोळ एकमेकांना खातात. अन्न कमी पडलं की शेजारचाच घास होतो. तरीही थवा टिकतो, कारण दाटीतले टोळ फेनिलअ‍ॅसिटोनायट्राइल सोडतात. यापासून टोळ हायड्रोजन सायनाइड हे विष बनवू शकतो, म्हणून पक्षीही त्या वासाला बिचकतात. जर्मनीत येना इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या गटानं २०२३मध्ये दाखवलं, की हाच वास भाऊबंदांनाही आवरतो. तो बनवण्याची क्षमता काढून घेतलेले टोळ जास्त खाल्ले गेले, आणि तो ओळखणारं ओआर७०ए हे जनुक गमावलेले टोळ जास्त खाऊ लागले. म्हणजे एक गंध जवळ बोलावतो, दुसरा ‘मला खाऊ नकोस’ सांगतो. दोन्ही बनतात पानांतून मिळणाऱ्या फेनिलअ‍ॅलनिन या एकाच अमिनो आम्लापासून! आपलंच पीक खाऊन ते आपला थवा बांधतात.

आता अडचण सांगते. हे सगळं स्थलांतरी टोळाचं. आपल्याकडे २०२०मध्ये आला तो वाळवंटी टोळ, जात वेगळी. त्याच्यात हेच फेनिलअ‍ॅसिटोनायट्राइल प्रौढ नर सोडतात, आणि त्याचा उपयोग दुसऱ्या नरांना आपल्या मादीपासून लांब ठेवायला होतो. रेणू तोच, अर्थ निराळा. त्यामुळे चीनमधला ल्यूर, म्हणजे सापळ्यातलं गंधाचं आमिष, आणून काटोलच्या बागेत टांगता येणार नाही. वाळवंटी टोळाच्या एकेका गंधजनुकाचं काम स्वतंत्रपणेच तपासावं लागेल, आणि या कामावर आपल्याकडे पैसा खर्च व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. मॅलेथिऑनची फवारणी धाड आल्यावर करावीच लागते, पण ती टोळाबरोबर मधमाशीलाही मारते.

आणखी एक. थवा उडू लागल्यावर सापळ्याचा फारसा उपयोग नाही, कारण थव्याचा स्वतःचाच वास ल्यूरपेक्षा कितीतरी दाट असतो. वापर करायचा तो दाटी होण्याआधी, पिल्लांना पंख फुटण्याआधी. म्हणून तुमच्या संत्र्याच्या बागेसाठीचा सापळा लागेल तो राजस्थानात, पाऊस पडून गेलेल्या जैसलमेर-बाडमेरच्या वाळूत, जिथे मादी अंडी घालते.