राग येणं थांबतं का?

राग येणं थांबतं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी ऑफिसांमध्ये सजगतेची, म्हणजे या क्षणी मनात-शरीरात काय चाललंय त्याकडे लक्ष देण्याच्या सरावाची, सत्रं घेते. सत्र संपून लोक पांगले की कुणीतरी मागे रेंगाळतं आणि हळूच विचारतं, "मॅडम, हे रोज केलं तर साहेबांचा राग येणं थांबेल का हो?"

नाही थांबणार. फरक पडतो तो एवढाच, की राग आलाय हे मेल पाठवायच्या आधी कळतं. एरवी ते पाठवून झाल्यावर कळतं.

निघायच्या वेळी मेल येऊन पडतो: 'हे काम कालच व्हायला हवं होतं.' सीसीत साहेबांचेही साहेब. वाचता वाचताच जबडा आवळला जातो, खांदे वर चढतात, बोट 'रिप्लाय ऑल'वर. अशा वेळी डोळे मिटून बसा असं मी सांगत नाही; तेवढी सवड कुणाला असते? तळपाय जमिनीला टेकलेत ते जाणवू द्या, आणि नेमकं काय लागलंय ते स्वतःला विचारा. बहुतेकांचं पहिलं उत्तर 'राग' असतं. जरा खोदलं की निघतं, वरिष्ठांसमोर पाणउतारा झालाय. किंवा नोकरीची धास्ती वाटतेय. पाणउतारा झाला असेल तर मेल पाठवणाऱ्याला फोन करून विचारावं, मोठ्या साहेबांना सीसीत का घेतलंत? धास्ती असेल तर आधी कुठलं काम हातावेगळं करायचं ते साहेबांकडून ठरवून घ्यावं. सरसकट राग म्हटलं की भांडणाशिवाय काही सुचत नाही.

मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली छापलेल्या प्रयोगात लोकांना चिडलेले, भेदरलेले चेहरे दाखवले होते. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, प्रतिक्रिया मंदावलेली दिसली. प्रयोगशाळेतला फोटो आणि केबिनमधले साहेब यांत फरक आहेच म्हणा.

ऑफिसांत भावनिक बुद्धिमत्तेचं तर पार गोड बोलणं होऊन बसलंय. सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना मांडली, ती स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून त्यानुसार विचार आणि वागणं ठरवण्याची. त्यात 'नाही, हे आज होणार नाही' असं शांतपणे सांगणंही येतं. मूल्यमापनाच्या तक्त्यात मात्र त्याला गुण मिळालेले मी पाहिले नाहीत.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. दोघांचं काम एकाच्या गळ्यात मारायचं आणि वर त्यालाच श्वास मोजायला बसवायचं! जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, बर्नआउट, म्हणजे कामानं पार थकून जाणं, आजार म्हणून धरलेला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यानं उद्भवणारी, कामाशी निगडित अवस्था, अशी त्याची नोंद आहे. तिथे कर्मचाऱ्याचं मन तेवढं दुरुस्त करून भागणार कसं?

सत्राच्या सुरुवातीला चार शब्द बोलून साहेब मीटिंगला निघून जातात, हे तर ठरलेलंच. म्हणून हल्ली सत्रासाठी फोन आला की मी आधी दोन गोष्टी विचारते: त्या विभागात किती जागा रिकाम्या आहेत, आणि साहेब पूर्ण वेळ बसणार का? काही जण 'कळवतो' म्हणतात आणि पुन्हा फोन करत नाहीत.